ऑनलाइन फसवणुकीची तक्रार केली, तरी तपास का होत नाही?
शेअर ट्रेडिंगच्या ग्रुपवर तुमचे ८५ हजार गेले, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रारही केलीत, तरी पोलीस ठाण्यात "बघतो" यापलीकडे काही ऐकू येत नाही. असे गुन्हे कुणी हातात घेतच नाही का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी कोल्हापुरात फौजदारी वकिली करतो. आधी एक सांगा, तुमच्याकडे एफआयआरची प्रत आहे, की सायबर क्राइम पोर्टलचा नुसता तक्रार क्रमांक? बहुतेकांकडे क्रमांकच असतो. १९३० वर फोन केला की बँकांना निरोप जातो आणि सापडतील तेवढे पैसे अडवले जातात. त्यानं आपोआप गुन्हा दाखल होत नाही. आणि गुन्हाच नाही, तर तपास कसला? २०२५ मध्ये केंद्रानं तक्रारीचा थेट झीरो एफआयआर (ठाण्याची हद्द न बघता नोंदवलेला गुन्हा) करायची सोय दिल्लीपासून सुरू केली, पण तीही सुरुवातीला १० लाखांच्या वरच्या रकमेलाच होती. तुमच्या ८५ हजारांसारखी रक्कम त्यात बसतच नव्हती.

समजा गुन्हा दाखल झाला. शाहू मार्केट यार्डातल्या एका गूळ व्यापाऱ्याच्या प्रकरणातला बँकेचा तक्ता माझ्यासमोर आला होता. आरटीओचं चलन म्हणून मोबाईलवर आलेली फाईल त्यानं उघडली आणि खात्यातले पैसे गेले. पैसे आधी राजस्थानातल्या एका करंट खात्यात, तिथून काही मिनिटांत फुटून बिहार, गुजरात, बंगालमधल्या खात्यांत, शेवटी काही एटीएममधून रोख. पोलीस याला लेयर म्हणतात. प्रत्येक लेयरला त्या त्या बँकेला पत्र, मग केवायसी, मग मोबाईल कंपनीला पत्र. आयटी कायद्याच्या कलम ७८ नुसार हा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्याच अधिकाऱ्यानं करायचा. आणि निरीक्षकाच्या मागं जोतिबाची यात्रा, नवरात्र, ऊस आंदोलन, गणपती, सगळे बंदोबस्त आहेतच. ८५ हजारांसाठी पथक राजस्थानला कोण पाठवणार?

पाठवलंच, तर सापडतो कोण? चार-पाच हजारांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हवाली केलेला एखादा पोरगा. वर कोण आहे, हे त्यालाही ठाऊक नसतं. त्याला लागणारं आयटी कायद्याचं कलम ६६ड जामीनपात्र, शिक्षा जास्तीत जास्त ३ वर्षं. भारतीय न्याय संहितेच्या ३१८(४) मध्ये ७ वर्षं आहेत, पण तिथंही बहुधा अटकेऐवजी नोटिशीवरच भागतं. खरे सूत्रधार कंबोडिया, म्यानमारमध्ये बसलेले असले, तर आपल्या ठाण्याचा हात तिथवर पोचत नाही.

मला स्वतःला पोलिसांपेक्षा बँकांचा राग जास्त येतो. लग्नासाठी दोन लाख रोख काढायला गेलात की कॅशियर दहा प्रश्न विचारतो. नावापुरत्या दुकानाच्या खात्यातून उघडल्या आठवड्यातच लाखो रुपये फिरतात, तेव्हा कुणी हूं की चूं करत नाही. अन् त्या शाखेला आरोपी केलेलं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

तुम्ही मात्र एफआयआरसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. घेतला नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा, तिथंही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जा. त्याआधी, कुठल्या बँकेत किती रक्कम होल्डवर आहे, ते सायबर ठाण्यात विचारा. ती परत मिळवायला कोर्टात वेगळा अर्ज करता येतो, त्यासाठी आरोपी सापडायची वाट बघावी लागत नाही. गूळवाल्यानं तासाभरात फोन केला होता, म्हणून त्याची थोडी रक्कम अडकली आणि ती त्याला मिळाली. आरोपपत्राचा अजून पत्ता नाही. आणि हो, तो ग्रुप रागानं डिलीट करू नका. त्यातले नंबर, स्क्रीनशॉट आणि बँक स्टेटमेंटवरचे यूटीआर (प्रत्येक व्यवहाराचे) क्रमांक अर्जाला जोडायला लागतील.