दार अडवायला शीक

बाळ,

एमआरआयला ड्यूटी लागली, हे तुझ्या आईकडून कळलं. आनंद झाला, आणि थोडी धास्तीही वाटली. म्हणून हे पत्र.

मॅग्नेट चोवीस तास चालू असतो, हे तुझं पाठ आहेच. पण एक्स-रे, सीटीच्या सवयीचा माणूस मनातून धरून चालतो की स्कॅन नाही म्हणजे मशीन बंद. स्कॅन संपला की थांबतो तो फक्त आवाज. लाइट गेली तरी उणे 269 अंशांच्या द्रव हेलियममध्ये बुडालेल्या तारेच्या वेटोळ्यातला वीजप्रवाह फिरतच असतो, म्हणून चुंबक चालूच. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात 32 वर्षांचा एक तरुण ऑक्सिजन सिलिंडर घेऊन आत गेला आणि जिवानिशी गेला. तो ना पेशंट, ना स्टाफ, नातेवाइकाबरोबर आलेला. मशीन बंद आहे असं त्याला सांगितलं होतं, असं घरच्यांचं म्हणणं.

लोखंडाला बसणारी चुंबकाची ओढही हळूहळू वाढत नाही. हल्लीच्या मॅग्नेटचं शिल्डिंग, म्हणजे ओढ बाहेर पसरू न देणारी सोय, इतकं चांगलं असतं की दारात काहीच जाणवत नाही, आणि दोन पावलं पुढे गेलं की वस्तू हातात राहत नाही.

पेशंटला तू अडवशीलच. अवघड जातं ते आपल्याच माणसांना अडवणं. स्ट्रेचर ढकलत येणारे मामा, रात्री बादली घेऊन येणाऱ्या मावशी, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे घाईतले मोठे डॉक्टर. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका सरांना भिडेखातर सोडलं. त्यांच्या खिशातली कात्री पेशंटच्या कानाजवळून गेली आणि आत चिकटली. सर काही बोलले नाहीत. मला रात्रभर झोप नाही. तेव्हापासून दारात आडवा हात घालून उभा राहायचो. उद्धट म्हणून नाव झालं, ते चाललं.

‘अंगावर धातू आहे का?’ असं विचारू नकोस, उत्तर ‘नाही’ असंच येतं. एकेक वस्तू विचार: पदराची पिन, मंगळसूत्रात अडकवून ठेवलेल्या पिना, केसातले चाप, करदोट्याची किल्ली, ताईत. पेसमेकर हा शब्द आजीला माहीत नसतो, ‘छातीत बॅटरी बसवलीय का?’ विचार. वेल्डिंग-ग्राइंडिंगचं काम केलेल्याला डोळ्यात कण गेला होता का ते विचारायचंच. शंका असेल तर आधी डोळ्यांचा एक्स-रे. आणि ईसीजीच्या वायरचं वेटोळं अंगावर राहू देऊ नकोस, भाजतं.

पेशंट आत कोसळला तर क्रॅश कार्ट, म्हणजे आणीबाणीच्या औषध-उपकरणांची गाडी, आत येणार नाही, पेशंट बाहेर येईल. सीपीआर देत देत, पण बाहेर.

लाल बटणं दोन असतात. एक वीज तोडतं, त्याने मॅग्नेटला काही होत नाही. दुसरं क्वेंचचं, म्हणजे हेलियम उडवून मॅग्नेटच बंद पाडणारं, ते माणूस अडकला तरच, पण तेव्हा खर्चाचा विचार करत थांबायचं नाही. 2014 मध्ये टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात दोघं सिलिंडरसकट मशीनला अडकले, सुमारे चार तास. क्वेंचमध्ये एक लिटर हेलियमचा सातशे लिटरच्या वर वायू होतो. तो बाहेर सोडणारा छतावरचा पाइप तुंबलेला असेल तर वायू खोलीत भरतो, श्वास कोंडतो, आणि आत उघडणारं दार दाबामुळे उघडत नाही.

तुमचं दार कुठे उघडतं? पाइपचं तोंड शेवटचं कधी तपासलं? सोमवारी इंजिनिअर येतील त्यांना विचार, आणि मला फोन कर.

तुझा,
काका