हिंजवडी सोडून लाकूडकाम: प्रश्न पगाराचा नाही, साठ्याचा आहे

पुण्यातल्या धायरीहून एका वाचकाने लिहिलं आहे. वय 37, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, हातात महिना 1,45,000. पत्नी बँकेत, त्यांचे 48,000. आठ वर्षांची मुलगी, सोबत 66 वर्षांची आई, तिला मधुमेह. तीन वर्षांपासून दर रविवारी हे गृहस्थ नऱ्ह्यातल्या एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये जाऊन लाकूडकाम शिकतात. आता त्या मालकांनी पूर्णवेळ या म्हटलंय, 38,000 देतो म्हटलंय. 'आयुष्यात पहिल्यांदा सोमवारची वाट बघावीशी वाटतेय. पुढच्या महिन्यात राजीनामा देऊ का?' असा प्रश्न आहे.

पुढच्या महिन्यात नको. पण देऊच नका, असंही मी म्हणणार नाही. तुमचा हिशेब जमण्यासारखा आहे, फक्त तो अजून तुम्ही केलेला नाही.

पत्रातले आकडे मी मांडून पाहिले. घरखर्च 72,000, गृहकर्जाचा हप्ता 35,100 (बाकी 34 लाख, 8 टक्के, 13 वर्षं), एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, 35,000. बेरीज 1,42,100. दोघांची मिळकत 1,93,000. म्हणजे दरमहा 50,900 रुपये तुमच्या पत्रात कुठेच सापडत नाहीत. ते बचतीतही नाहीत, कारण एफडी दोन वर्षं 9 लाखांवरच आहे, हे तुम्हीच लिहिलंय. तेव्हा 72,000 हा तुमचा खरा खर्च नाही, तो तुम्हाला आठवणारा खर्च आहे. गेल्या सहा महिन्यांचं बँकेचं आणि क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट काढून दोघांनी मिळून एका रविवारी बसा. त्या रविवारी रंध्याला सुट्टी.

आता नव्या नोकरीचं गणित. 38,000 म्हणजे वर्षाला 4,56,000. नव्या करप्रणालीत त्यावर प्राप्तिकर शून्य, त्यामुळे रक्कम जवळजवळ पूर्ण हातात पडेल. पत्नींचे धरून घरात 86,000. हप्ता आणि तुम्ही सांगितलेला घरखर्च मिळून 1,07,100. खड्डा 21,100 चा, एसआयपी पूर्ण बंद करूनसुद्धा.

हा खड्डा बुजवायचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही लागतील. पहिला, कर्ज हलकं करणं. दहा लाख आगाऊ भरले तर उरलेल्या 24 लाखांचा हप्ता साधारण 24,800 होतो. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लागत नाही. मात्र बँका आपणहून मुदत कमी करतात आणि हप्ता तसाच ठेवतात. तुम्हाला उलट हवंय. 'मुदत तीच ठेवा, हप्ता कमी करा' हे लेखी द्या आणि नवं वेळापत्रक हातात घेतल्याशिवाय शाखेतून हलू नका. दुसरा मार्ग म्हणजे घरखर्च 61,200 वर आणणं. 61,200 आणि 24,800 मिळून बरोबर 86,000.

हे कागदावर सोपं दिसतं, म्हणून नोकरी चालू असतानाच नऊ महिने तसं जगून बघा. खर्चाच्या खात्यात 61,200 आणि आजचा हप्ता एवढंच राहू द्या, एसआयपी चालू ठेवा, बाकीचे साधारण 61,700 पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात जाऊ द्यात. नऊ महिन्यांत साडेपाच लाख होतात. मार्चमधला दीड लाखाचा बोनस त्यात मिळवा. आणि ग्रॅच्युइटी, नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम! तुम्ही तिचा उल्लेखच केलेला नाही. एका कंपनीत सलग पाच वर्षं झाली की ती मिळते, तुमची नऊ झालीत. मूळ पगार 65,000 धरला तर तो भागिले 26, गुणिले 15, गुणिले 9, म्हणजे 3,37,500, आणि करमुक्त. तिन्ही मिळून दहा लाख ओलांडतात. एफडीला हात लावायची गरज नाही, लावूही नका. एप्रिलमध्ये राजीनामा, नव्वद दिवसांची नोटीस, जुलैत मोकळे. नोटीसच्या तीन महिन्यांत जे साठेल ते विम्याला.

विम्याबद्दल घाई करा. कंपनीच्या आरोग्य विम्याच्या ग्रुप पॉलिसीत आज आईही आहेत, तुमच्या शेवटच्या दिवशी सगळेच बाहेर पडाल. आधीपासून असलेल्या आजारांसाठी विमा कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ लावू शकते, त्या काळात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही. तो आज सुरू झाला तर एक वर्ष पगारात असतानाच सरेल. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोयही असते, एचआरकडे विचारा, पण नोकरीत असताना विचारा. आईंचे वर्षाला 40,000 आणि तुम्हा तिघांचे 25,000 मी धरतोय. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झालाय, तेवढाच दिलासा. एक कोटीचा टर्म इन्शुरन्सही, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना रक्कम देणारा विमा, आजच्या पगाराच्या स्लिपवर घ्या. कव्हर किती द्यायचं हे विमा कंपनी उत्पन्नावर ठरवते, आणि 38,000 च्या स्लिपवर कोटीची रक्कम मागणं जड जाईल. पत्रातली तुमची ती सहा लाखांची मनीबॅक पॉलिसी, जी अधूनमधून थोडे पैसे परत देते, ती विमा म्हणून मोजू नका.

विम्याचे हे सगळे हप्ते महिन्याला सात हजारांच्या आसपास जातील. दुसरीकडे धायरी ते हिंजवडी, नवले पूल, चांदणी चौक, वाकड असा रोजचा गाडीचा प्रवास सुटेल, त्यातून 8,000 वाचतील. फिटंफाट.

इथवर महिन्याचं भागलं. माझी खरी काळजी पुढे आहे. लोक नोकरी सोडताना महिन्याचा पगार मोजतात आणि थांबलेली गुंतवणूक मोजायला विसरतात. तुमची 35,000 ची एसआयपी दहा वर्षं 10 टक्क्यांनी चालली असती तर 71-72 लाख झाले असते. आवडत्या कामाची किंमत ही आहे, 1,45,000 आणि 38,000 मधला फरक नव्हे.

म्युच्युअल फंडातले 22 लाख आहेत, त्यातले 7 मुलीच्या नावाचे समजा. दहा वर्षांत 18 च्या आसपास होतील, तिच्या शिक्षणाचा पाया होईल. उरलेले 15 लाख वीस वर्षांत 10 टक्क्यांनी एक कोटी. पीएफचे 18 लाख काढू नका. 58 पर्यंत व्याज मिळत राहतं, पण नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर असतो, म्हणून साडेसात टक्के धरतो: 76 लाख. एकूण पावणेदोन कोटी. ऐकायला छान, पण 6 टक्के महागाईने त्याची आजची किंमत 55 लाख. तुमचा तेव्हाचा खर्च आजच्या भावात 61,200 च धरला तर साडेसात वर्षांचा खर्च. थोडक्यात, 57 ला निवृत्त होणं तुम्ही विसरा. 65 पर्यंत हात चालवायची तयारी हवी. कर्ज तुमच्या पन्नाशीत फिटेल, तेव्हा मोकळे झालेले 24,800 दुसऱ्याच दिवशी एसआयपीत जायला हवेत, दहा वर्षांत पन्नास लाख उभे राहतील. त्या वर्कशॉपमध्ये तुम्हाला धरून अकरा माणसं आहेत, म्हणजे वीसच्या आत, पीएफ सक्तीचा नाही. मालक भरणार नसतील तर तुमचं तुम्हालाच बघायचंय.

आता आवडीबद्दल. हे माझं क्षेत्र नाही, तरी पैशाशी त्याचा संबंध आहे म्हणून लिहितो. रविवारी तुम्ही सागवानाचा स्टूल हाताने घडवता. सोमवारी ग्राहकाच्या किचनची मापं घ्यायची असतील, प्लायवूडवर सनमायका चिकटवायचा असेल, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात भावावरून घासाघीस करायची असेल, आणि 'ड्रॉवर अडकतो' म्हणून रात्री नऊला आलेला फोन घ्यायचा असेल. साठलेल्या रजेतून सलग दोन आठवडे काढा आणि तिथे सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, कामगार म्हणून उभे राहा. दसरा-दिवाळीच्या आधीचे निवडा, तेव्हा खरा ताण कळतो. मालकांना एवढंच विचारा की कामं मंदावतील तेव्हाही 38,000 पूर्ण देणार का, आणि उत्तर कागदावर घ्या. तोंडी 'बघू हो, तुम्ही घरचेच' याला हिशेबात शून्य धरायचं.

पत्नींबद्दल पत्रात एकच ओळ आहे: 'ती म्हणते, तुला हवं ते कर.' मराठी घरात या वाक्याचा होकार होतोच असं नाही. नव्या रचनेत घरातली मोठी मिळकत त्यांची असणार. बदली झाली, आजारपण आलं, त्यांना स्वतःला नोकरी नकोशी झाली, तरी त्या सोडू शकणार नाहीत. हे त्यांच्याशी स्पष्ट बोला आणि किती वर्षांसाठी ते ठरवा.

परतीची रेषाही आत्ताच आखा. एफडी 9 लाखांवरून 5 लाखांच्या खाली गेली, की पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये अर्ज करायचे, मग काम कितीही आवडत असो. चाळिशीत परत गेलात तर आजचा पगार मिळणार नाही, कमीवर जावं लागेल, ते गृहीत धरा. या आठवड्यात मात्र आईंच्या पॉलिसीचा अर्ज भरा. मधुमेह कधीपासून आहे, गोळ्या कोणत्या, सगळं खरं लिहा. लपवलेल्या आजारावरून क्लेम नाकारला गेला, तर ही 9 लाखांची एफडी एका हॉस्पिटलच्या बिलात संपेल.