साठीत देश सोडताना यादीतलं काय न्यावं

ताई, तुम्ही लिहिलंत की वय ५९, पुढच्या वर्षी दवाखाना बंद करून मुलीकडे परदेशात कायमचं जायचं आहे. मनात चार गोष्टी आहेत: दंतवैद्यकीचा तिथला परवाना मिळवायचा, तिथली भाषा शिकायची, अर्धवट राहिलेलं गाणं पुन्हा सुरू करायचं आणि उंच डोंगरांत एकदा मोठी भटकंती करायची. यातलं काय धरू, काय सोडू, असा तुमचा प्रश्न. मीही पन्नाशी उलटल्यावर देश सोडला, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

आधी परवान्याबद्दल बोलू, कारण तुमचा जीव त्यातच अडकलाय. माझं मत विचाराल तर तो सोडा. बाहेर शिकून आलेल्या दंतवैद्याला बहुतेक देशांत नव्याने परीक्षा द्याव्या लागतात, काही ठिकाणी तर पुन्हा दोन-तीन वर्षं कॉलेजात बसावं लागतं. तयारी, प्रवेशाची वाट पाहणं, शिक्षण, मग नोकरीचा शोध, हे सगळं धरलं तर पासष्टीच्या आसपास तुम्ही पुन्हा रुग्णाच्या खुर्चीशेजारी उभ्या राहाल. मान, पाठ आणि मनगटावर चालणारं हे काम किती वर्षं जमेल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. शिवाय फी जाणार निवृत्तीच्या पुंजीतून, आणि ती भरून काढायला पुढे कमावती वर्षं फारशी नाहीत. ‘इतकी वर्षं या कामात घातली, आता कसं सोडू’ असं मनात येत असेल. ती वर्षं रुग्णांच्या कामी आली, ती कुठेही गेलेली नाहीत. पुढची कुठे घालायची हा निराळा हिशोब आहे.

मात्र परवाना नेमका कशासाठी हवा होता, हे स्वतःला खोदून विचारा. लोकांच्या उपयोगी पडायला हवा असेल, तर शाळकरी मुलांना दातांची निगा शिकवणं, आपल्या भाषेतल्या रुग्णांसोबत दुभाषी म्हणून जाणं, इकडच्या शिकाऊ डॉक्टरांना ऑनलाइन शिकवणं, असे रस्ते आहेत (तिथले नियम काय म्हणतात ते आधी विचारून घ्या). पैशाची गरज असेल तर गणित मांडून बघा, बहुधा ते परवान्याच्या विरोधातच जाईल. आणि ‘डॉक्टर’ ही ओळख जाईल याची भीती असेल, तर ते दुखणं खरं आहे. मी शिक्षिका होते. पुन्हा वर्गात उभं राहायचं नाही हे ठरल्यावर कितीतरी दिवस शाळा सुटायच्या वेळी मला रडू यायचं. निर्णय तरीही योग्य होता. वाईट वाटतंय म्हणजे निर्णय चुकला, असं समजू नका.

सोडून मोकळं झालं की संपलं, असंही नाही. मानसशास्त्रज्ञ कार्स्टन व्रोश आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. आवाक्याबाहेर गेलेलं ध्येय सोडता येणं आणि त्याच्या जागी दुसरं, मनाला पटणारं ध्येय धरता येणं, या त्यांनी दोन वेगळ्या क्षमता मानल्या, आणि दोन्हींचा मनाच्या स्वास्थ्याशी संबंध दिसला. म्हणून परवाना सोडताना त्या जागी काय येणार, हेही आत्ताच ठरवा.

डोंगरांतली भटकंती देश सोडण्याआधीच उरका. शरीरावर अवलंबून असलेली गोष्ट मागे ठेवू नये, एवढंच.

भाषा नक्की धरा, पण तिची उंची कमी करा. हार्टशॉर्न, टेनेनबॉम आणि पिंकर या संशोधकांनी सुमारे ६,७०,००० लोकांच्या चाचणीवरून २०१८ मध्ये मांडलं की व्याकरण सहज आत्मसात करण्याची क्षमता साधारण १७ वर्षांपर्यंत टिकते, मग उतरते. म्हणजे तिथे जन्मलेल्यांसारखं बोलणं हे ध्येय ठेवलंत तर रोज हरल्यासारखं वाटेल. डॉक्टरांना आपलं दुखणं स्वतः सांगता येणं, शेजारणीशी दहा मिनिटं बोलता येणं, नातवाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी वाचता येणं, हे ध्येय ठेवा. ते साठीतही होतं. मेहनत मात्र लागते, आणि सुरुवात इथूनच करा.

गाण्यासाठी मला पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन आठवतात. म्हातारपणीही इतकं चांगलं कसं वाजवता, यावर त्यांनी दिलेलं उत्तर मानसशास्त्रज्ञ पाउल बाल्टेस नेहमी सांगत: रचना कमी निवडायच्या, त्यांचाच रियाज जास्त करायचा, आणि जलद भागाच्या आधी वेग थोडा उतरवायचा, म्हणजे पुढचा भाग जलद भासतो. तुम्हीही मोजके राग घ्या आणि त्यांच्यातच मुरा.

आता एक सावधगिरी, जी मला फार महत्त्वाची वाटते. फ्रेडरिकसन आणि कार्स्टनसन या मानसशास्त्रज्ञांच्या १९९० च्या अभ्यासात वृद्ध माणसं नव्या ओळखींपेक्षा जवळच्यांनाच पसंती देत होती. पण लवकरच दूर राहायला जायचंय अशी कल्पना करायला सांगितल्यावर तरुणांनीही तेच केलं. तुमच्या बाबतीत तर वय आणि निघणं दोन्ही एकत्र आलंय. शेवटच्या काही महिन्यांत ‘आता नवं काही नको, माझी माणसं पुरेत’ असं तीव्रतेने वाटेल. त्या भरात यादीवर कायमची काट मारू नका. तिथे पोहोचल्यावर नव्या ओळखींची निकड इथल्यापेक्षा कितीतरी जास्त असते. परवाना वगळता बाकी प्रत्येक गोष्टीचा फेरविचार तिथे स्थिरावल्यावर करा.

शेवटी मुलीबद्दल. तिच्याजवळ राहणं हे तुमचं सगळ्यात मोठं ध्येय आहे, पण ते तुमच्या यादीत लिहिलेलंच नाही. ते लिहा, आणि त्याचा अर्थ तिच्याशी बोलून पक्का करा. नातवाला रोज दिवसभर सांभाळायचं आहे की शाळा सुटल्यावर दोन तास? आठवड्यातले कोणते दिवस तुमचे? मुली हे आपणहून सांगत नाहीत आणि आया विचारत नाहीत. मग गाणं आणि भाषा पहिल्याच वर्षी बाजूला पडतात. तिकीट काढायच्या आधी हे बोलणं होऊ द्या. जावईबापूही त्यात असले तर उत्तम.