रिकामा रकाना

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री अकराला आला. परदेशी ग्राहकानं पाठवलेली एक्सेल शीट, एमडीसी, म्हणजे मेथिलीन डायक्लोराइड हा द्रावक, हाताळण्याची चौदा कामं, त्यातल्या पाच कामांत तो कामगाराच्या श्वासात किती जातो याचं मोजमाप कधी झालेलंच नाही, आणि तुझे साहेब म्हणतात, "बीडीएल टाक आणि पाठवून दे." बीडीएल, म्हणजे 'बिलो डिटेक्शन लिमिट', यंत्राला सापडण्याइतकंही नाही. शेवटी तू लिहिलंयस, "सर, तिथे तसा वास येत नाही, मग बीडीएल खोटं ठरेल का?"

वास! एमडीसीचा वास बहुतेकांना कळेपर्यंत हवेत शंभराच्या वर पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभराच्या वर भाग, होऊन गेलेले असतात. अमेरिकेच्या ईपीएनं, म्हणजे तिथल्या पर्यावरण खात्यानं, 2024 साली घातलेली आठ तासांची मर्यादा आहे 2. एम.एस्सी. झालेल्या मुलीनं मला नाकाचं मोजमाप सांगू नये.

बीडीएल म्हणजे काय, हे तुला माहीत आहे, तरी लिहितो. माणसाच्या पट्ट्याला पंप लागला, कॉलरजवळच्या कोळशाच्या नळीतून हवा ओढली गेली, नळी जीसीवर, लॅबमधल्या गॅस क्रोमॅटोग्राफवर, गेली आणि यंत्राला काही सापडलं नाही. तुझ्या पाच कामांत पंपच लागलेला नाही. तिथे काही सापडलं नाही असं कसं म्हणतेस? तिथे कुणी शोधलंच नाही. रकाना रिकामा असेल तर रिकामा ठेव.

माझी सही असलेला एक कागद आहे. नव्वदच्या दशकातला, बेंझीनच्या प्लांटचा. सेंट्रिफ्यूजवरचा माणूस पंप लावून घ्यायला तयार नव्हता, काम करताना पट्टा अडकायचा. शिफ्ट संपत आली होती. मी पंप दाराजवळच्या खांबाला टांगला, सेंट्रिफ्यूजपासून सहा-सात मीटरवर, आणि बाजूला वाऱ्याची खिडकी. आकडा मस्त आला. रिपोर्टात मी 'एरिया सॅम्पल', म्हणजे माणसाजवळचा नव्हे, जागेच्या हवेचा नमुना, असं लिहिलंही होतं, पण टाइप होऊन आलेल्या कागदावर ते दोन शब्द गळाले होते. मी पाहिलं आणि सही केली. चार वर्षांनी त्याच माणसाच्या रक्तातल्या पेशी कमी होत गेल्या. भरपाईचा प्रश्न आला तेव्हा समितीसमोर माझाच कागद ठेवला गेला. मर्यादेच्या आत. अर्ज फेटाळला.

तेव्हा आमच्याकडे एकच पंप होता, तोही मुंबईहून भाड्यानं आणलेला. वयही सत्तावीस. नोकरी सोडली असती तर माझ्या जागी आलेल्यानं खांबालासुद्धा पंप टांगला नसता, असं मी अजूनही म्हणतो. बायको म्हणते, हे वाक्य तुम्ही फार वेळा म्हणता.

तुझे साहेब म्हणतात, रिकामा रकाना पाठवला तर ग्राहक वाईटात वाईट गृहीत धरेल. धरू दे. तिकडे नेमकं तेच चाललंय. मोजलेले आकडे नसतात तिथे ईपीए मॉडेल वापरते, आणि मॉडेल सावध असतं. 2021 मध्ये तर त्यांनी जाहीरच केलं की कामगार नेहमी मास्क घालतो हे आता आम्ही धरून चालणार नाही. उद्योगवाले चिडले, आमच्याकडे घालतात म्हणाले. मग आकडे द्या ना! एमडीसीला तर कोळशाच्या कार्ट्रिजचा साधा मास्क पुरतच नाही, त्यातून तो चटकन पार होतो, बाहेरून हवा पुरवणारा लागतो. तुमच्या स्टोअरमध्ये कोणता आहे, बघून ये. युरोपात 2007 पासून रीच हा रसायनांचा कायदा आहे, माहिती नाही तर बाजार नाही. आपल्याकडे भोपाळनंतर 1987 साली फॅक्टरी कायद्यात मर्यादांचं परिशिष्ट आलं, आरोग्याच्या नोंदी ठेवणं आलं. नियम कमी पडले असतील, पण त्यांच्या खाली भरलेले रकाने बघ एकदा. किती पंप खांबाला होते, देव जाणे.

आणि हो, मोजलेल्या नऊ कामांवरही फार खूश होऊ नकोस. ड्रम तिरका करून मॅनहोलमधून एमडीसी ओततात ना, पंधरा मिनिटांचं काम? समज, त्या पंधरा मिनिटांत तोंडापाशी 400 पीपीएम आहे आणि बाकी दिवस शून्य. आठ तासांची सरासरी येते साडेबारा. अमेरिकेतल्या ओशाच्या, कामगार सुरक्षेच्या खात्याच्या, जुन्या 25 च्या मर्यादेत आरामात बसतं. त्या पंधरा मिनिटांची वेगळी नळी लावली होतीस का? नसेल, तर तोही रकाना रिकामाच.

पाचातली तीन कामं कंत्राटी पोरं करतात, असं तू ओघात लिहून गेलीस. ओघात लिहायची गोष्ट नव्हती ती. त्यांची नावं मस्टरवर नाहीत, म्हणून पंपाच्या यादीतही नाहीत.

साहेबांशी भांडू नकोस. 'मोजमाप झालेलं नाही, अमुक तारखेला करणार' एवढं लिही, तारीख खरी टाक आणि मेलची प्रत ठेव. कारखाना बंद पडेल, असं ते म्हणतीलच. 1974 मध्ये अमेरिकेत पीव्हीसीच्या कामगारांत यकृताचा दुर्मीळ कर्करोग सापडला आणि पीव्हीसी ज्यापासून बनतं त्या व्हिनाइल क्लोराइडची मर्यादा 500 वरून 1 पीपीएमवर आली, तेव्हाही बंद पडण्याच्याच गोष्टी चालल्या होत्या. तुमच्या बाथरूममधला पाइप कशाचा आहे?

तरीही ते म्हणाले की मीच भरतो, तर भरू दे. सही त्यांची. तुझी नको. इथे मी ऐकून घेणार नाही.

पंप किती हवा ओढतो ते मोजणारा माझा साबणाच्या फुग्याचा कॅलिब्रेटर माळ्यावर आहे, काच शाबूत आहे. रविवारी डोंबिवलीला येऊन घेऊन जा. पंपाचा फ्लो आधी आणि नंतर, दोन्ही वेळा तपास. एक नळी तिथेच फोडून, पंप न लावता टोपणं घालून बाकीच्यांबरोबर लॅबला पाठव, नळ्यांत वाटेत काही शिरलं का ते तिच्यावरून कळेल. आणि नळ्या कॅन्टीनच्या फ्रिजमध्ये ठेवू नकोस, मागच्या वेळी तिथे कुणीतरी थिनरचा डबा ठेवला होता म्हणालीस.