वाचकांचे प्रश्न : पडद्यामागून वर्गात

प्रश्न : अकरावी-बारावीचा बराच काळ मोबाइलवर शिकण्यात गेला. आता पुण्यात प्रथम वर्षाला आहे, परंतु वर्गात बोलताना शब्द अडतात. काय करावे?

उत्तर : हा तुमचा दोष नाही, माणसांत वावरण्याचा सराव तेवढा राहून गेला आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत अवश्य नाव नोंदवा. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते आणि सात दिवसांच्या शिबिरात गावकऱ्यांसोबत श्रमदान करताना, घरोघरी माहिती विचारताना संकोच आपोआप सैल होतो. नाटकाची ओढ असल्यास १९६३पासूनच्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी महाविद्यालयाचा संघ तालमी करत असेल, तर तेथे जा. भूमिका मिळाली नाही, तरी नेपथ्याला हात लावा. पहिले काही दिवस अवघडल्यासारखे वाटेल, तरी तालीम चुकवू नका.