वाचकांचे प्रश्न : वडिलांसाठी म्युझिक प्लेअर

प्रश्न : वडिलांचा सीडींवरील शास्त्रीय गायनाचा संग्रह संगणकावर उतरवला आहे. शेतघरी नेटवर्क नसते. कोणता प्लेअर घ्यावा?
(एक वाचक, खानापूर)

उत्तर : मेमरी कार्डाची सोय असलेलाच घ्यावा. फ्लॅक (FLAC) या ध्वनिफाइलच्या स्वरूपात सीडीचा मूळ दर्जा टिकतो आणि तासाला साधारण ३०० एमबी जागा लागते, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात सुमारे २०० तासांचे गायन मावते. मात्र आमच्या मते याहून महत्त्वाचे असे की, तासभराचा राग मध्येच थांबवला तर प्लेअरने पुन्हा तेथूनच सुरुवात करावी. बटणे ठळक असावीत. बेळगावच्या खडेबाजारात खरेदीला जाताना स्वतःचे कार्ड न्यावे आणि प्लेअरमध्ये घालून पाहावे, कारण पुष्कळ स्वस्त प्लेअरांवर देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात आणि मारवा कोणता, पूरिया कोणता हे वडिलांना कळणार नाही.