वंदे भारत ताशी १६० किलोमीटरने पळू शकते, मग बेळगाव शहरात शिरताना का रांगते?

गाडीला नावं ठेवण्याआधी रूळ बघा. मी की-मॅन, म्हणजे रूळ तपासत फिरणारा रेल्वे कर्मचारी होतो, हातोडा आणि पाना घेऊन रुळावरच सगळी नोकरी काढली, म्हणून हा प्रश्न झोंबला.

२०२४ मध्ये पुणे–हुबळी वंदे भारत सुरू झाल्यावर आमचे पुण्याचे दाजी आले होते. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटावर स्कूटर बंद करून उभे. गाडी सावकाश गेली तसे म्हणाले, "ड्रायव्हर घाबरतो की काय?" मी म्हटलं, "चला की वो, वळण दाखवतो." शहराबाहेर कडेच्या रस्त्यावरून दाखवलं: आतल्या रुळाचं डोकं चेपलेलं, बाहेरच्याची आतली कड घासून चकचकीत. वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवतात. जलद गाडीसाठी तो आणखी उंच हवा. पण त्याच रुळावरून मालगाडी रखडत जाते, आणि उंची वाढवली की तिचं जास्तीचं ओझं आतल्या रुळावर येतं. मग मधली उंची धरायची आणि वेग त्यातून निघेल तेवढा. ड्रायव्हरचा संबंध काय?

दाजी म्हणे, "जपानमध्ये बघ." अहो, जपाननं १९६४ मध्ये शिंकान्सेनला, म्हणजे त्यांच्या बुलेट ट्रेनला, वेगळा मार्गच दिला, त्यावर एक गेट नाही. फ्रान्सची जलद गाडी टीजीव्हीसुद्धा पॅरिसमध्ये जुन्या रुळावरून हळूच शिरते. आपल्याकडे १३० च्या वर जायचं तर दोन्ही बाजूंना कुंपण हवं, गेटं काढून पूल हवेत. घरं रेल्वेच्या हद्दीला टेकलेली. वळण सरळ करायचं तर कुणाची भिंत पाडणार?

दुहेरी मार्गामुळे समोरच्या गाडीसाठी थांबावं लागत नाही, हे मान्य. वंदे भारतच्या मोटारी डब्यांखाली असल्यानं ती वेग पटकन घेते, तेवढी मिनिटं वाचतात.

खरा वेळ वाचेल तो बेळगावहून कित्तूरवरून धारवाडला जाणाऱ्या ७३ किलोमीटरच्या नव्या मार्गानं, आताचा लोंढा जंक्शनचा वळसाच जाईल. पण तो गर्लगुंजी, नंदिहळ्ळीच्या पिकाऊ जमिनीतून आखला म्हणून शेतकरी उठले. दाजींच्या मते ते 'विकासाला आडवे' येतात. त्याच शिवारात आमच्या बायकोच्या माहेरची जमीन आहे. पडीक माळावरून आखा म्हणणं म्हणजे आडवं येणं नव्हे, हे मी त्यांना जेवताना सांगितलं. तेव्हापासून ते आमच्याकडे राहायला येत नाहीत.